निकाल आहे, माणूस सापडत नाही

प्रश्न एका ओळीचा होता. नोंदणी केलेल्यांपैकी किती जण परीक्षेला बसले आणि किती उत्तीर्ण झाले? प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत अहवालांचं काम माझ्याकडे आहे आणि निधी देणाऱ्यांना हा आकडा दरवर्षी कळवावा लागतो. त्या वर्षी नोंदणी, हजेरी आणि परीक्षा ही तिन्ही कामं पहिल्यांदाच तीन वेगळ्या ठिकाणी झाली होती. नोंदणीची फाइल कागदी अर्जांवरून एक्सेलमध्ये भरलेली, ४,२१२ ओळींची. हजेरी मोबाइल अ‍ॅपवर घेतलेली, दर तासिकेला प्रत्येकाची एक ओळ, म्हणजे साठ हजारांच्या वर. निकाल परीक्षा घेणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून आलेला, ३,०८७ ओळी.

नोंदणीत अर्ज क्रमांक होता, हजेरीत अ‍ॅपने दिलेला आयडी आणि निकालात बैठक क्रमांक. प्रत्येक क्रमांक आपल्या फाइलीत व्यवस्थित, पण दुसऱ्या फाइलीत त्याचा मागमूस नाही. तिन्हींत सापडेल असं फक्त नाव, जन्मतारीख आणि केंद्र. मोबाइल नंबर नोंदणीत आणि निकालात होता, हजेरीच्या फाइलीत नव्हता.

मी जे सगळेच करतात ते केलं. नोंदणीच्या शेजारी एक रकाना घेतला, नावावरून व्हीलूकअप, म्हणजे एका फाइलीतलं नाव दुसरीत शोधून तिथली माहिती आणणारं एक्सेलचं सूत्र, लावला आणि गुण ओढून आणले. १,९८७ ओळींत गुण आले, उरलेल्या २,२२५ ओळींत #एन/ए, म्हणजे नाव सापडलं नाही. त्या #एन/एचा अर्थ मी ‘परीक्षेला बसले नाहीत’ असा घेतला. म्हणजे जेमतेम ४७ टक्के लोक परीक्षेपर्यंत पोहोचले. आकडा निराशाजनक होता, पण गळती होते हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. त्याच फाइलीवरून उत्तीर्णांची अभिनंदनाची यादीही केंद्रांना गेली.

दोन दिवसांनी एका प्रशिक्षणार्थीचा फोन आला. “मॅडम, माझं नाव यादीत नाही. गुणपत्रक माझ्या हातात आहे, मी पास झालेय.” आवाजात तक्रार नव्हती, काळजी होती. आपला निकाल मागे घेतला की काय, असं तिला वाटत होतं. मी तिला थांबवून निकालाची फाइल उघडली. तिचं नाव तिथे होतं, चांगले गुणही होते. नोंदणीतही नाव होतं. दोन्ही खिडक्या शेजारीशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर वाचलं, काहीच फरक दिसेना.

तिच्या आडनावात ‘ऱ्ह’ होता, ‘गोऱ्हे’मध्ये असतो तसा. आपण तो एकाच प्रकारे वाचतो, पण कळफलकावरून तो दोन प्रकारे उमटतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ‘ह’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, त्यामागे डोळ्यांना न दिसणारं जोडणीचं चिन्ह आणि मग ‘ह’. ‘गोऱ्हे’ हा शब्द पहिल्या पद्धतीने लिहिला तर अक्षरचिन्हं मोजणारं लेन फंक्शन ६ सांगतं, दुसऱ्या पद्धतीने ७. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. माझ्या सूत्राच्या दृष्टीने मात्र त्या दोन वेगळ्या बायका होत्या: एक नोंदणी करून परीक्षेला न आलेली, दुसरी नोंदणी न करताच पास झालेली.

ही दुसरी बाजू मी तपासलीच नव्हती. फोन ठेवल्यावर उलटी जुळणी लावली, निकालाच्या फाइलीपासून नोंदणीकडे. ३,०८७ निकालांपैकी १,१६५ निकालांना नोंदणीत मालकच नव्हता. शिवाय १,९८७ ओळींत आलेले गुण मुळात १,९२२ निकालांतूनच आले होते. व्हीलूकअप पहिली जुळणारी ओळ सापडली की थांबतो. एकाच नावाची दोन माणसं असतील तर दोघांनाही पहिल्याचेच गुण मिळतात. म्हणजे ६५ ठिकाणी एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावरही चढले होते, आणि त्यातला एखादा नापासही पास ठरला असेल. मी त्याच संध्याकाळी केंद्रांना यादी मागे घेत असल्याचं कळवलं. अहवाल थांबवला आणि आमच्या संचालक मॅडमना सगळं जसं घडलं तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, “किती दिवस लागतील ते सांग, पण या वेळी पक्कं कर.” मी तीन आठवडे मागितले. पाच लागले.

पहिला आठवडा नुसती साफसफाई. या कामाला अहवालात कुठेच जागा नसते, पण अर्धी जुळणी इथेच होते. काही नावांच्या शेवटी रिकामी जागा होती आणि जादा जागा काढणारं ट्रिम सूत्र लावूनही ती जाईना, कारण ती साधी स्पेस नव्हती. वेब पानावरून कॉपी केलेल्या मजकुरात येणारी, ओळ तुटू न देणारी ती स्पेस असते. तिचा संगणकातला क्रमांक १६० आणि ट्रिम फक्त ३२ क्रमांकाची स्पेस काढतं. ती वेगळी बदलून घ्यावी लागते. काही आकडे देवनागरीत, काही इंग्रजीत. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी, म्हणून नावाचे तुकडे करून वर्णक्रमाने लावून पुन्हा जोडले. ‘ऱ’साठी युनिकोडचं सामान्यीकरण (वेगवेगळ्या प्रकारे टाइप केलेलं एकच अक्षर एका प्रकारात आणणं) चालवलं, तर ‘र’खाली नुक्ता (बिंदू) देऊन लिहिलेला प्रकार बरोबर ‘ऱ’ झाला, पण अदृश्य चिन्हाचा प्रकार तसाच राहिला. त्याला स्वतःचा वेगळा नियम लिहावा लागला. मराठी नावांवर काम करणाऱ्या कुणीही हे आधी करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

मोबाइल नंबरांत काहींना देशाचा कोड लावलेला. असा बारा आकडी नंबर एक्सेल ई-अकरा वगैरे लावून आखडून दाखवतं आणि तशीच सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुराची फाइल, सेव्ह केली की शेवटचे आकडे कायमचे जातात. त्या ओळींसाठी मूळ कागदी अर्ज काढावे लागले.

तारखांनी सगळ्यात जास्त छळलं. निकालाची फाइल ज्या संगणकावर उघडून सेव्ह केली गेली, तिथे महिना आधी आणि दिवस नंतर अशी मांडणी होती. ५ ऑगस्ट ही जन्मतारीख ०५/०८ अशी आली आणि गुपचूप ८ मे झाली. २५ ऑगस्ट मात्र तशीच राहिली, कारण पंचविसावा महिना नसतो आणि एक्सेलने तिला तारीख न मानता मजकूर म्हणून सोडून दिलं. त्यामुळे एकाच रकान्यात बिघडलेल्या आणि न बिघडलेल्या तारखा मिसळलेल्या. रकान्याची मांडणी कुणी हाताने बदललेली नसेल तर हे नुसत्या नजरेनेही ओळखू येतं: तारीख म्हणून घेतलेली नोंद उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. मी फिल्टर लावून बघितलं तर उजवीकडे चिकटलेल्या एकाही तारखेत बारापेक्षा मोठा दिवस नव्हता. तेव्हा खात्री पटली आणि तेवढ्याच तारखा उलट्या करून घेतल्या.

त्याच रकान्यात १ जानेवारी ही तारीख इतर कुठल्याही तारखेपेक्षा कितीतरी जास्त वेळा होती. ज्यांना नेमकी तारीख माहीत नाही किंवा अर्जात लिहिलेली नाही, त्यांच्यासाठी कुणीतरी वर्षाची पहिली तारीख टाकलेली. अशी तारीख जुळली तर ती जुळली असं धरायचं नाही, असा नियम केला.

मग फाइली एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत घेतल्या आणि नाव अधिक केंद्र यावर जॉइन लावला, म्हणजे हे दोन्ही सारखं असलेल्या ओळी एकमेकींना जोडल्या. निकालाच्या ३,०८७ ओळी आत गेल्या आणि ३,२६४ बाहेर आल्या. निकालात एका नावाच्या दोन ओळी आणि नोंदणीतही त्याच नावाच्या दोन ओळी असल्या की जॉइन चारही जोड्या देतो. आणि मी हजेरीचे तासही त्याच दमात जोडले असते तर बेरीज आणखी फुगली असती, कारण तिथे एका माणसाच्या अनेक ओळी होत्या. त्या दिवसापासून मी प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजून वहीत लिहिते. ज्या रकान्यांवर जोडायचं ते किमान एका बाजूला तरी एकमेव आहेत का, हे आधी मोजते. हजेरीसारखी फाइल आधी माणशी एक ओळ करून घेते, मगच जोडते. ही मोजणी करताना अजून एक गोष्ट सापडली: नोंदणीच्या फाइलीतच काही जणांनी दोनदा अर्ज भरले होते. ४,२१२ ओळी म्हणजे ४,२१२ माणसं असं मी सुरुवातीपासून धरून चालले होते. माणसं निघाली ४,११६.

आता उरला खरा प्रश्न. नाव थोडं वेगळं, तारीख एका आकड्याने वेगळी, मोबाइल तोच. ही एकच व्यक्ती की दोन? याचं उत्तर मी अंदाजाने देत होते आणि सकाळचा अंदाज संध्याकाळच्या अंदाजाशी जुळत नव्हता. म्हणून वाचायला घेतलं, तेव्हा कळलं की माणसं या प्रश्नाशी फार वर्षांपासून झगडत आहेत. हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये एकाच माणसाच्या विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याबद्दल लिहिलं आणि त्याची तुलना जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या पानांचं एक पुस्तक बांधण्याशी केली. कॅनडात हॉवर्ड न्यूकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये जन्म आणि विवाहाच्या नोंदी संगणकाने जुळवण्याची पद्धत मांडली. इव्हान फेलेगी आणि अ‍ॅलन संटर यांनी १९६९ मध्ये तिला गणिताचा पाया दिला.

त्यांचा विचार समजला तेव्हा मला फार मोठा आधार वाटला. प्रत्येक रकान्यासाठी दोन प्रश्न विचारायचे. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या असतील तर हा रकाना जुळण्याची शक्यता किती? आणि दोन वेगळ्या माणसांच्या असतील तर योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीने भागायचं आणि त्याचा दोनच्या पायाचा लॉग (दोनचा कितवा घात केला की ती संख्या येते ते) घ्यायचा, की त्या रकान्याचं वजन मिळतं. जन्ममहिना घ्या. एकाच माणसाचा महिना समजा शंभरात ९६ वेळा बरोबर जुळतो, आणि अनोळखी दोघांचा साधारण बारात एकदा. भागाकार साडेअकरा, वजन साडेतीन. लिंग मात्र अनोळखी दोघांचंही निम्म्या वेळा जुळतं, त्यामुळे जुळलं तर वजन कसंबसं एक. पण तेच जुळलं नाही तर? एकाच माणसाच्या दोन नोंदींत ते चुकीचं पडण्याची शक्यता शंभरात दोन धरली तर वजन उणे साडेचारच्या पुढे जातं. जुळल्यावर जवळजवळ काहीच न सांगणारा रकाना न जुळल्यावर इतकं ठणकावून सांगतो, हे मला आधी सुचलंच नसतं. आडनावाचंही तसंच. शेकडो जणांचं असणारं आडनाव जुळलं तर त्याला किंमत कमी, क्वचित दिसणारं जुळलं तर जास्त.

सगळ्या वजनांची बेरीज करायची आणि जोड्यांचे तीन गट पाडायचे: नक्की जुळलेल्या, नक्की न जुळलेल्या आणि मधल्या, ज्या माणसाने डोळ्यांनी बघायच्या. हा मधला गट असणं मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. माझ्या व्हीलूकअपमध्ये तो नव्हता.

४,२१२ नोंदण्या आणि ३,०८७ निकाल म्हणजे एक कोटी तीस लाख जोड्या. सगळ्या तपासायची गरज नसते. आधी फक्त जन्मवर्ष सारखं असलेल्यांची तुलना केली, पण वर्षच चुकलेलं असेल तर खरी जोडी तिथेच हरवते, म्हणून दुसरी फेरी मोबाइलच्या शेवटच्या चार आकड्यांवर आणि तिसरी केंद्र व आडनावाच्या पहिल्या अक्षरावर घेतली. नावांतला फरक मोजायला लेव्हेनश्टाइन अंतर वापरलं: एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी किंवा काढावी लागतात ते. अ‍ॅपमधली नावं रोमन लिपीत होती. तिथे उच्चारावरून जुळवणारी साउंडेक्स ही १९१८ सालच्या पेटंटमधली युक्ती लावून पाहिली, पण ती इंग्रजी नावांसाठी केलेली आहे आणि पहिलं अक्षर तसंच ठेवते. आपला ‘व’ कुणी व्हीने लिहितो, कुणी डब्ल्यूने, आणि साउंडेक्ससाठी ती दोन वेगळी कुळं होतात. ती सोडून दिली आणि रोमन नावांसाठी माझे स्वतःचे पंधरावीस नियम केले. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या सोयीतली अंदाजे जुळणीही बघितली. सोपी आहे, पण जुळलेली ओळ नेमकी कशामुळे जुळली हे मला दुसऱ्याला समजावून सांगता येईना, आणि मला ते सांगता यायलाच हवं होतं.

२,६४१ निकाल नक्की जुळले. १३८ निकालांना जवळपासही कुणी मिळालं नाही. मधल्या गटात ३०८ निकाल, त्यांच्या ४१२ जोड्या. त्या मी आणि माझी सहकारी, दोघींनी स्वतंत्रपणे तपासल्या, एकमेकींचा निर्णय न बघता. बहुतेक ठिकाणी एकमत झालं.

एका जोडीवर मात्र आम्ही जवळजवळ अख्खी दुपार बसलो. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, जन्मतारीख, मोबाइल, केंद्र, लिंग, सगळं तेच. पहिल्या नावात शेवटी एका ठिकाणी काना, दुसऱ्या ठिकाणी वेलांटी. अंतर एक. टायपिंगची चूक असेल तरी अंतर एकच येतं. बेरीज इतकी वर गेली होती की ‘नक्की जुळलं’चा उंबरठा थोडा खाली असता तर ती जोडी आमच्यासमोर आलीच नसती. सहकारी म्हणाली, “अगं, वेलांटी राहिलीय कुणाची तरी, एकच आहे ही.” मलाही तसंच वाटत होतं. मग मी हजेरी काढली. दोन्ही नावं, दोन वेगळ्या आयडींवर, त्याच दिवशी, त्याच तासिकेला हजर. एकदा नव्हे, सलग दोन महिने. एक माणूस एका वर्गात दोनदा हजर कसं असेल? त्या जुळ्या बहिणी होत्या. एक उत्तीर्ण होती, दुसरी दोन गुणांनी राहिली होती. आम्ही त्यांना एक केलं असतं तर एकीचा निकाल दुसरीत विरघळून गेला असता, आणि तिला पुन्हा परीक्षेसाठी बोलवायचं आहे हे कुणाला कळलंही नसतं.

मधल्या गटातले २७१ निकाल शेवटी जुळले, ३७ ठरले नाहीत. आधीचे १३८ धरून १७५ निकाल अनिर्णित.

प्रत्येक जुळणी एका वेगळ्या तक्त्यात ठेवली: आमचा नवा क्रमांक, अर्ज क्रमांक, अ‍ॅपचा आयडी, बैठक क्रमांक, कोणत्या नियमाने जुळलं, कुणी ठरवलं, कधी. मूळ तीन फायलींना हात लावला नाही. उद्या एखादी जुळणी चुकीची ठरली तर ती एक ओळ बदलायची, अहवाल पुन्हा काढायचा.

अहवालात मी एकच आकडा लिहिला नाही, दोन लिहिले. ४,११६ जणांपैकी किमान २,९१२ परीक्षेला बसले, म्हणजे ७१ टक्के. अनिर्णित सगळे आमचेच निघाले तर ३,०८७, म्हणजे ७५ टक्के. बैठकीत एक सर म्हणाले, “दोन आकडे दिले तर वाचणाऱ्याला वाटेल, यांनाच खात्री नाही.” मी म्हटलं, “सर, १७५ जणांबद्दल नाहीच आहे खात्री. मागच्या वेळी मी एकच आकडा दिला होता आणि तो ४७ होता.” मॅडमनी दोन्ही आकडे ठेवायला सांगितलं, खाली जुळणीची पद्धत अर्ध्या पानात लिहायला लावली.

या वर्षीपासून अर्ज क्रमांक हजेरीला आणि परीक्षेच्या अर्जावर सक्तीचा आहे. त्याच्या शेवटी लून पद्धतीचा, म्हणजे बाकीच्या आकड्यांवरून काढलेला तपासणी अंक जोडला, त्यामुळे एखादा आकडा चुकीचा लिहिला गेला तर तिथल्या तिथे कळतं. परीक्षा घेणाऱ्यांना पटवायला चार पत्रं आणि दोन बैठका लागल्या.

१७५ जणांचे फोन आम्ही दोघींनी वाटून घेतले. ४४ जण आधीच्या वर्षीचे निघाले, पुन्हा परीक्षेला बसलेले. ते आमच्या नोंदणीत सापडणारच नव्हते. बाकीच्यांत आडनाव बदललेले होते, शेजाऱ्याचा मोबाइल नंबर दिलेले होते, नोंदणीच्या वेळी घरातलं हाक मारायचं नाव सांगितलेले होते. पहिल्या दिवशी फोन करणाऱ्या त्या प्रशिक्षणार्थीला दुरुस्त यादी मी स्वतः पाठवली. तिने आपल्या नावाभोवती पेनने चौकट काढून फोटो परत पाठवला.

१९ ओळी अजून तशाच आहेत. बैठक क्रमांक आहे, गुण आहेत, त्यातल्या बारांपुढे ‘उत्तीर्ण’ लिहिलेलं आहे. दिलेले नंबर लागत नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांच्या केंद्रांवरच्या हजेरीच्या कागदी वह्या येणार आहेत. सह्यांची अक्षरं लावून बघायची आहेत.